टेंबेकाकू पाहुण्या झाल्या

उज्जैनला घर असलेल्या माणसाला नातेवाईक कमी पडत नाहीत. त्यातून ते घर फ्रीगंजमध्ये, स्टेशनवरून पायी येता येईल असं असेल, तर बोलायलाच नको. महाकालच्या दर्शनाला म्हणून टेंब्यांकडे येऊन राहिलेल्यांत सख्खे होते, चुलत होते, मावसभावाचे व्याही होते. एकदा तर मुलाच्या, तुषारच्या, पुण्यातल्या सोसायटीचे सेक्रेटरी सहकुटुंब राहून गेले. तुषारला स्वतःला त्यांचं पूर्ण नावही धड माहीत नव्हतं.

या सगळ्यांचं करत आल्या त्या कल्पनाताई टेंबे. धारहून लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सासरे रेल्वेत होते. भुसावळहून बदलून आलेले आणि इथेच रमलेले. नवरा दत्तात्रय बँकेत. दोन मुलं झाली, मोठी झाली, तुषार पुण्याला गेला, गौरी लग्न होऊन इंदूरला. सासू-सासरे गेले. पाहुणे मात्र येतच राहिले, आणि महाकालचा परिसर नवा झाल्यापासून तर फारच. भस्म आरतीला बायकांना साडी लागते हे ऐनवेळी कळलेल्या कितीतरी मुली कल्पनाताईंच्या साड्या नेसून मंदिरात गेल्या होत्या. पुरुषांसाठी धुतलेली दोन धोतरं कपाटात कायम तयार असत. आरतीला जाणारे उत्तररात्री उठत, तेव्हा त्यांच्या आधी उठून चहा टाकणाऱ्याही त्याच.

कल्पनाताईंना याचं ओझं होत होतं असं मात्र कोणी समजू नये. त्यांना हे काम यायचं, आणि आपल्याला ते येतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आयत्या वेळी आठ पानं वाढायची म्हटली तरी त्यांचा आवाज चढत नसे. टेंब्यांच्या घरून कोणी अर्धपोटी गेला असं अख्ख्या गोतावळ्यात कोणी म्हणू शकलं नसतं.

डिसेंबरात त्यांना साठ वर्षं पूर्ण होणार होती. गौरीचा फोन आला.

"आई, तुला काय पाहिजे ते सांग. आणि साडी म्हणू नकोस."

"मला पाहुणी व्हायचंय."

"म्हणजे?"

"म्हणजे कुठेतरी जाऊन राहायचं. कोणीतरी दार उघडेल, या म्हणेल, पाणी देईल. मी बसून राहीन."

"मग इकडे ये ना, इंदूरला."

"तुझ्याकडे आले की आधी तुझा फ्रिज साफ करते मी. पाहुणी कसली त्यात? ओळखीचं घर नको. ओळखीचं असलं की मी पदर खोचते."

गौरी हसली, पण तिने ते मनावर घेतलं. भाऊ-बहिणींनी मिळून शोधलं आणि देवासच्या पलीकडे, जंगल सुरू होतं तिथे, एका तळ्याकाठचा रिसॉर्ट ठरवला. रिसॉर्ट म्हणजे काय, तर झाडांमध्ये लांब लांब उभी असलेली पाच-सहा लाकडी घरं. टीव्ही नाही, गाणी नाहीत, पोहायचा तलाव नाही. आईबाबांसाठी तीन रात्रींचं बुकिंग झालं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी कल्पनाताई बॅग भरत असताना बाहेरच्या खोलीतून दत्तात्रयांचा फोनवरचा आवाज आला, "या ना, या ना. विचारायचं काय त्यात? घर आपलंच आहे." मग ते दारात येऊन उभे राहिले.

"भय्यासाहेबांचा होता," ते म्हणाले. भय्यासाहेब म्हणजे त्यांचे थोरले आतेभाऊ, ग्वाल्हेरचे.

"कधी येताहेत?"

"उद्या दुपारी. ते, वहिनी, आणि त्यांच्या सत्संगातली दोन जोडपी. परवाच्या भस्म आरतीचं बुकिंग मिळालंय त्यांना."

कल्पनाताई स्वेटरची घडी घालत होत्या, ती त्यांनी पूर्ण केली.

"माझ्या तोंडून निघून गेलं गं," दत्तात्रय म्हणाले. "सवय झालीय. तर मग आपण असं करू, तुषारला सांगून तारीख पुढे..."

"तुम्ही थांबा," कल्पनाताई म्हणाल्या. "तुम्ही बोलावलंय, तर तुम्ही घरी असायला पाहिजे. मी जाते."

"एकटी?"

"नानाखेड्याच्या स्टँडवरून बस आहे. देवासच्या पुढे त्यांची जीप घ्यायला येते, तुषार सांगत होता."

"आणि सहा माणसांचं मी कसं करू?"

"मी करते तसंच. इतकी वर्षं बघितलंय तुम्ही."

दत्तात्रयांनी प्रामाणिकपणे विचार केला. "बघितलंय," ते म्हणाले. "पण लक्ष देऊन नाही बघितलं."

त्यांना वाटलं होतं, ही रागावून बोलतेय; समजूत घातली की थांबेल. पण कल्पनाताईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी गाद्या कुठे आहेत ते सांगितलं, कणीक दळून आणलीय, मटर सोलून ठेवलेत म्हणून सांगितलं. "बाकी टॉवर चौकात सगळं मिळतं," म्हणाल्या आणि बॅगेची चेन लावली.

सकाळी दत्तात्रयांनीच त्यांना स्कूटरवरून नानाखेड्याला सोडलं. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. एकदा घड्याळ बघितलं, एकदा बायकोकडे. बस हलल्यावर कल्पनाताईंनी हात हलवला आणि मग पुढे बघितलं. देवासपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू आणि हरभरा होता, हिरवागार, धुक्यातून नुकता वर येत असलेला. सोबत कोणी नाही, डबे नाहीत, कोणाचं लेकरू मांडीवर नाही, असा प्रवास शेवटचा कधी केला होता ते त्यांना आठवेना. मग त्यांनी आठवायचा नाद सोडला.

रिसॉर्ट चालवणारी ईरा इंदूरची होती, तिशीतली, पायात जाड बूट, डोक्याला लोकरी टोपी. फाटकापाशीच भेटली. "या काकू," म्हणाली. तिने बॅग हातातून घेतली, तेव्हा कल्पनाताईंनी ती सहज सोडली नाही. दोघींमध्ये क्षणभर ओढाताण झाली आणि मग दोघी हसल्या.

घर छोटं होतं. सागवानी फळ्यांच्या भिंती, उतरतं छप्पर, आत दोन खाटा, जाड रजया. पुढे व्हरांडा आणि त्यात दोन वेताच्या खुर्च्या. समोर पळसाची चार झाडं आणि त्यांच्यामधून दिसणारं तळं. पाण्यात अर्धवट बुडालेल्या एका खोडावर पाणकावळे पंख पसरून ऊन घेत बसले होते. कल्पनाताई खुर्चीत बसल्या. ईराने पाणी दिलं आणि विचारलं, "चहा कसा घेता?"

"कसाही चालेल."

"कसाही म्हणजे? साखर किती, दूध किती, अद्रक घालायचं की वेलची?"

कल्पनाताईंनी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे उत्तर नाही. घरी चहा व्हायचा तो पाहुण्यांच्या आवडीने. भय्यासाहेबांना दुधाळ, गौरीच्या सासऱ्यांना बिनसाखरेचा, दत्तात्रयांना वेलचीचा. सगळ्यांना देऊन पातेल्यात जो उरेल तो त्यांचा. कधी गोडमिट्ट, कधी फिका, बहुतेक वेळा गार.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

ईराला वाटलं त्या गंमत करताहेत. पण त्यांचा चेहरा बघून ती म्हणाली, "काही हरकत नाही. दरवेळी वेगळा करून आणू. तुम्ही सांगा कोणता आवडला."

आणि तसंच झालं. वेलचीचा झाला, गुळाचा झाला, गवती चहाचा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कल्पनाताईंचं ठरलं: कडक, दूध कमी, अद्रक भरपूर, साखर नावापुरती, आणि कप ओठाला लावला की चटका बसला पाहिजे. हे त्यांनी ईराला इतक्या ठामपणे सांगितलं, जसा कोणी आपल्या घराचा पत्ता सांगतो.

बसणं मात्र सोपं गेलं नाही. पहिल्या संध्याकाळी जेवण झाल्यावर त्या आपलं ताट उचलून सरळ स्वयंपाकघरात गेल्या. तिथे रामकन्या नावाची, जवळच्या गावची बाई भांडी आवरत होती. तिने ताट काढून घेतलं. "आप बिराजो, यो तो म्हारो काम हे," ती म्हणाली, आणि असं म्हणाली की पुढे काही बोलायची सोयच नव्हती. सकाळी उठल्यावर कल्पनाताईंनी रजयांच्या घड्या घालून, चादर ताणून, व्हरांडा झाडून ठेवला. रामकन्या आली, सगळं बघितलं. आणि कोपऱ्यातला झाडू उचलून आपल्याबरोबर घेऊन गेली.

त्यात फोन. रेंज यायची ती फक्त फाटकाजवळ, पण येता-जाता वाजायचाच. पहिला आला तो हिंगासाठी. दुसरा, सहा माणसांना भात किती लावायचा म्हणून. तिसरा, वहिनी विचारताहेत की जादाच्या चादरी कुठे ठेवल्यात. तिन्हींची उत्तरं त्यांनी दिली. चौथ्यांदा दत्तात्रयांनी "अगं, ते मोठं झाकण..." एवढं म्हटल्यावर कल्पनाताई शांतपणे म्हणाल्या, "अहो, ते आता तुम्हीच शोधा. घर तुमचंही आहे. सापडेल." मग त्यांनी फोन खोलीत ठेवला, पायात बूट घातले आणि तळ्याच्या काठाने चालायला निघाल्या.

चालताना त्यांना कोणी ओळखीचं भेटलं नाही. फ्रीगंजमध्ये दूध आणायला बाहेर पडलं तरी चार जणांशी बोलावं लागायचं. इथे एक गुराखी म्हातारा भेटला, त्याने हात जोडले, त्यांनी जोडले, संपलं. अर्ध्या वाटेत एक सपाट खडक होता. त्यावर त्या बसल्या आणि बदकांकडे बघत राहिल्या. उठल्या तेव्हा ऊन खडकाच्या दुसऱ्या बाजूला गेलं होतं. दुपारी जेवून त्या झोपल्या, ते चहा घेऊन ईरा आली तेव्हाच जाग आली.

"काकू, काही कमी पडतंय का?" ईराने विचारलं. हे ती दर भेटीत विचारायची.

"एक सांगू? रागावशील."

"सांगा ना."

"तू फार विचारतेस. पाहुण्याला थोडं विसरायचंही असतं. त्याला वाटलं पाहिजे, आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही. आणि हाक मारली की मात्र कोणीतरी आलं पाहिजे."

ईरा रागावली नाही. दुसऱ्या खुर्चीत टेकली. "घरी तुम्ही असंच करता?"

कल्पनाताईंनी कपातला चहा संपवला. "नाही," त्या म्हणाल्या. "मी पण फार विचारते. अजून एक पोळी घ्या, अजून थोडा भात घ्या, उशी पाहिजे का. आता समजून राहिलंय मला, त्या बिचाऱ्यांचं काय होत असेल ते."

तिसऱ्या दिवशी दुपारी फाटकातून एक गाडी आत आली. ओळखीची पांढरी गाडी, शेजाऱ्यांकडून मागून आणलेली. दत्तात्रय उतरले, मागून वहिनी, आणि मग भय्यासाहेब. पंचाहत्तरीचे असले तरी ताठ. पणजोबा शिंद्यांच्या दरबारी होते ही गोष्ट त्यांच्या चालण्यात अजून दिसायची. सत्संगाची मंडळी टॅक्सी करून ओंकारेश्वरला गेली होती.

कल्पनाताईंचे पाय सवयीने उठायला निघाले. मग त्या नीट टेकून बसल्या.

"कल्पना, आम्ही तुला न्यायला आलोय," भय्यासाहेब व्हरांड्याच्या पायरीवरूनच म्हणाले. "उद्या दुपारची गाडी आहे आमची. एक जेवण तरी तुझ्या हातचं व्हायला पाहिजे. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही."

"बसा भय्यासाहेब. वहिनी, या अशा. चहा सांगते." त्यांनी ईराला हाक मारली. ईरा आली, आणखी दोन खुर्च्या आल्या, चहा आला. तोवर दत्तात्रय बायकोकडे बघत उभे होते. ती नेहमीसारखीच दिसत होती, पण इतकी निवांत बसलेली त्यांनी तिला कधी बघितली नव्हती.

चहा झाल्यावर भय्यासाहेबांनी कप खाली ठेवला. "तर मग? निघायचं ना?"

"मी उद्या सकाळी निघणार आहे," कल्पनाताई म्हणाल्या. "माझं इथलं राहणं अजून संपलं नाही."

"अगं पण असं कधी झालं नाही, म्हणून म्हणतो."

"नाही झालं, खरं आहे. इतक्या वर्षांत मीही तुमच्याकडे ग्वाल्हेरला कधी राहिले नाही, भय्यासाहेब."

"कोणी अडवलंय? आम्ही तर दरवेळी म्हणतो, या कधीतरी."

"कधीतरी म्हणता. तुम्ही येता तेव्हा तारीख सांगता, गाडी सांगता. मला तारीख कधी सांगितली नाहीत."

यात तक्रारीचा सूर नव्हता. बाजारात काय मिळतं आणि काय नाही ते सांगावं, तसं त्या म्हणाल्या. भय्यासाहेब तळ्याकडे बघत राहिले. दत्तात्रयांनी खोकल्यासारखं केलं.

मग वहिनींनी अंगावरची शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. "वसंत पंचमीला ये," त्या कल्पनाताईंना म्हणाल्या. "आदल्या दिवशी पोच. गाडी कोणती ते मी फोन करून सांगते. आणि नाही म्हणू नकोस."

"येते," कल्पनाताई लगेच म्हणाल्या.

"आणि आत दोन खाटा आहेत ना? मग आजची रात्र मी इथेच राहते. उद्या तुझ्याबरोबर बसने येईन, गाडी दुपारची आहे."

भय्यासाहेबांनी आता मात्र मान वळवली. "आणि आमचं जेवण?"

"मी करतो ना," दत्तात्रय म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. "काल खिचडी केली होती. थोडी खाली लागली, पण खाल्ली की नाही सगळ्यांनी? आज मटर-बटाटा करू. वर टॉवर चौकातून गराडू आणू." गराडू म्हणजे माळव्यात थंडीत मिळणारा तळलेला कंद; भय्यासाहेबांचा जीव की प्राण. ते थोडे मऊ झाले. दोघे पुरुष गाडीत बसून निघून गेले.

संध्याकाळी जावा-जावा शाली लपेटून व्हरांड्यात बसल्या. इतक्या वर्षांत दोघींना असं एकत्र बसायला मिळालं नव्हतं. उज्जैनला कल्पनाताई ओट्यापाशी असत आणि वहिनी बाहेर.

"तुला एक सांगते," वहिनी म्हणाल्या. "तुझ्याकडे आले की मलाही वाटतं, आत यावं, तुझ्याबरोबर भाजी चिरावी, गप्पा माराव्यात. पण तू हातातली सुरी काढून घेतेस. म्हणतेस, तुम्ही बसा. मग मी बाहेर बसते. टीव्ही बघते. तो मला आवडत नाही."

कल्पनाताईंना रामकन्या आठवली आणि हसू आलं. "पुढच्या वेळी आत या," त्या म्हणाल्या. "सुरी देईन."

सकाळी दोघी इतक्या उशिरा उठल्या की ईराला वाटलं काही झालं की काय. पण तिने येऊन विचारलं नाही. चहाही हाक मारल्यावरच आला.

घरी पोचल्यावर कल्पनाताईंनी स्वयंपाकघर बघितलं. हळद साखरेच्या डब्याशेजारी, कढई फ्रिजवर, ओट्यावर डाळीचे वाळलेले ओघळ. दत्तात्रय मागे उभे होते, शाळेत पेपर तपासून मिळायची वाट बघणाऱ्या मुलासारखे.

"काल भाजी चांगली झाली होती," भय्यासाहेबांनीच बाहेरून सांगितलं.

कल्पनाताईंनी काही आवरायला घेतलं नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन, जिथे पाहुणे बसतात त्या खुर्चीत बसल्या. तिथून त्यांना घर पहिल्यांदाच दिसलं. ओली फरशी वाळावी म्हणून लावलेला पंखा किती आवाज करतो ते कळलं. खिडकीतून येणारं ऊन सरळ डोळ्यांत जातं हेही कळलं. इतक्या माणसांपैकी कोणी ते सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात त्यांनी पंखेवाल्याला बोलावलं आणि खुर्ची हलवली.

पाहुणे काही थांबले नाहीत, थांबायलाही नकोत. पण टेंब्यांच्या घरी आता सकाळचे पोहे दत्तात्रय करतात, आणि ते बरे होतात असं त्यांचं स्वतःचं मत आहे. ज्याला चिरायचं त्याला सुरी मिळते, ज्याला लाटायचं त्याला लाटणं. "मी येऊ का?" असा फोन आला तर कल्पनाताई या म्हणतात. पण एखाद्या वेळी "या आठवड्यात नको, पुढच्या शनिवारी या" असंही म्हणतात. त्याचं अजून तरी कोणाला वाईट वाटलेलं नाही.

वसंत पंचमीच्या आदल्या दिवशी त्या ग्वाल्हेरला उतरल्या, एकट्याच. भय्यासाहेब स्वतः स्टेशनवर आले होते, डोक्याला मफलर बांधून. त्यांनी बॅग मागितली आणि कल्पनाताईंनी ती देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी वहिनींनी केशरी भात केला होता. जेवण झाल्यावर कल्पनाताई आतल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या आणि त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा दिवस कलला होता. बाहेर शेजारीण आली असावी, वहिनी दबक्या आवाजात तिला सांगत होत्या, "हळू बोला जरा. उज्जैनच्या आमच्या जाऊबाई झोपल्यात."

कल्पनाताईंनी रजई खांद्यापर्यंत ओढली आणि कूस बदलली.